घड्याळापुढचा तुरा

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत डोक्याला केशरी फेटा बांधून आणि छाती पुढे काढून उभा राहिलेला आपला पाच वर्षांचा नातू ज्या छायाचित्रात आहे, ते छायाचित्र माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या अक्काने, आपल्या फोनच्या लॉक स्क्रीनवर लावून घेतले. तेव्हा फेट्याचा तुरा घड्याळाच्या आकड्यांच्या पुढे आला, आकडे त्याच्याआड किंचित लपले, आणि या प्रकाराचे तिला एवढे अप्रूप वाटले की दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सर्वांना तिने तो आवर्जून दाखविला. पुढे पंधरा दिवसांनी एके सकाळी तिने मला हाक मारली. "अरे, माझा फोन बिघडला बघ. तुरा घड्याळाच्या मागं गेला."

माझ्याकडे येण्यापूर्वी ती कोपऱ्यावरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आली होती, आणि तेथील तरुणाने फोन दोनदा उलटासुलटा करून "आजी, डिस्प्ले गेलाय, बदलावा लागेल" असा निकालही देऊन टाकला होता. पात्र भलत्याच विंगेतून रंगमंचावर आले म्हणून नाट्यगृहाचे छप्पर बदलण्याची तजवीज करावी, त्यातलाच हा प्रकार. माझी सारी नोकरी एका सरकारी दप्तरात लोकांचे तक्रारअर्ज वाचण्यात गेली असल्यामुळे, अर्जदार ज्याला बिघाड किंवा अन्याय म्हणतो तो पुष्कळदा कोणत्या तरी नियमाचा बिनबोभाट अंमल असतो, एवढे मला अनुभवाने ठाऊक होते. आणि तो नियम हुडकून काढण्याच्या हौसेपायी मी अक्काचा फोन दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतला. लॉक स्क्रीनच्या सजावटीविषयी ज्या तक्रारी घरोघर ऐकू येतात, म्हणजे चित्र हलत नाही, चित्र आपोआप बदलते, वरचा भाग धूसर दिसतो, माणूस घड्याळापुढे येत नाही, त्यांतील बहुतेकांचे मूळ बिघाडात नसून फोनने स्वतःच्या अधिकारात दिलेल्या एखाद्या हुकमात असते, हे त्या दोन दिवसांत माझ्या ध्यानी आले.

तुरा घड्याळापुढे येतो तो कसा, हे आधी समजून घेतले पाहिजे. संगीत नाटकांच्या वैभवकाळी रंगमंचाच्या मागच्या अंगास राजवाड्याचा किंवा अरण्याचा रंगविलेला पडदा सोडलेला असे, मध्ये एखादा खांब किंवा झाड उभे केलेले असे आणि या दोहोंच्या पुढे पात्र येऊन उभे राही. कापड सपाटच असले तरी प्रेक्षकाला खोली भासे ती या थरांमुळे. फोनवरही मागे चित्राची पार्श्वभूमी, मध्ये घड्याळ आणि पुढे माणूस असे तीनच थर असतात. अडचण एवढीच की छायाचित्र हा एकच सपाट कागद आहे आणि माणूस त्याच्या पार्श्वभूमीला चिकटलेला आहे. तो कात्रीने कापावा तसा अलग करण्याचे काम फोनमधील एक गणिती योजना करते. असंख्य चित्रांवर तिला आधीच शिकवून तयार केलेले असते, त्यामुळे माणूस कोठे संपतो आणि आकाश कोठे सुरू होते याचा ती प्रत्येक बिंदूगणिक अदमास घेते. स्वच्छ आकाशासमोर उभा असलेला फेटेवाला मुलगा तिला सहज उमगतो. वाऱ्याने विस्कटलेले मोकळे केस किंवा चेहऱ्यामागची गर्द झाडी मात्र तिला चकवते, आणि कडा निःसंदिग्ध सापडली नाही तर ती कापण्याचा उद्योगच सोडून देते.

ही सोय आयफोनवर १२ सप्टेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या आयओएस १६ या आवृत्तीबरोबर आली आणि तिला तेथे डेप्थ इफेक्ट असे नाव आहे. इतर कंपन्यांनीही पुढे तशाच योजना आपापल्या फोनांत आणल्या. ज्यांच्याकडे आयफोन ८ किंवा आयफोन एक्स आहे त्यांना आयओएस १६ मिळाली, पण हा परिणाम मिळाला नाही, कारण त्यासाठी ए१२ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि तो २०१८ सालच्या एक्सएस व एक्सआर या फोनांपासून पुढे आहे. तेव्हा फोन जुना असेल तर तपास येथेच थांबवावा. कितीही सेटिंग्ज चाळल्या तरी जे यंत्रातच नाही ते पडद्यावर येणार नाही.

फोन नवा असूनही परिणाम दिसत नसेल, तर लॉक स्क्रीनवरील मानपानाचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. आपण तिच्याकडे चित्राची चौकट म्हणून पाहतो. ती बनविणाऱ्यांच्या लेखी मात्र ती प्रथम घड्याळ आहे, मग सूचनाफलक आहे, आणि चित्र सर्वांत शेवटी. वेळ वाचता आली पाहिजे हा पहिला नियम असल्यामुळे, माणसाच्या डोक्याने आकडे थोडेसे झाकले तर फोन ते चालवून घेतो, पण बरेचसे झाकले जाऊ लागले की तो चित्राला मुकाट्याने मागे सारतो. उलट डोके घड्याळापर्यंत पोहोचतच नसेल, तर पुढे-मागे करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे अतिपुढे आणि अतिमागे या दोहोंच्या मधली बोटभर जागा साधावी लागते. त्यासाठी लॉक स्क्रीनवर बोट दाबून धरून कस्टमाइझमध्ये जावे आणि दोन बोटांच्या चिमटीने चित्र लहानमोठे करून, वरखाली सरकवून पाहावे. तेथेच उजव्या हाताला खाली तीन ठिपक्यांचे एक बटण असते आणि त्यात डेप्थ इफेक्ट चालू-बंद करण्याची मुभा असते. ती ओळ फिकी दिसत असेल, तर या चित्राला या जागी तो परिणाम नामंजूर झाला आहे असे समजावे.

या नामंजुरीचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे विजेट. घड्याळाखाली तापमान, बॅटरीची टक्केवारी, पुढची भेट अशा माहितीच्या ज्या चिमुकल्या पट्ट्या बसविता येतात, त्यांतील एक जरी तेथे असली तरी माणसाला घड्याळापुढे येण्याची परवानगी रद्द होते, कारण पुढे आलेले डोके त्या पट्टीवरही पडेल आणि माहिती वाचता येणार नाही. अक्काच्या प्रकरणाचा उलगडा येथेच झाला. चैत्रातला उन्हाळा कडक म्हणून तिच्या सुनेने बाहेरचे तापमान दाखविणारी पट्टी घड्याळाखाली बसवून दिली होती. सुनेचा हेतू स्तुत्य, फोनचा निर्णय नियमाला धरून, आणि तुरा मात्र मागे.

दुसरा मोठा अधिकारी म्हणजे बॅटरी. आयफोनवर लो पॉवर मोड सुरू असला, आणि बॅटरीचे चिन्ह पिवळे झाले की तो सुरू आहे असे ओळखावे, की काही दृश्य परिणाम तहकूब होतात आणि लाइव्ह फोटोचा वॉलपेपर हलेनासा होतो. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरली की ही काटकसर आपोआप संपते. पण ज्यांचा फोन दिवसभर निम्म्यावरच असतो त्यांच्याकडे ती कायमचीच होऊन बसते आणि चित्र का हलत नाही या विवंचनेत ते महिनोन् महिने काढतात. हलत्या वॉलपेपराबद्दल आणखी एक खुलासा येथेच केलेला बरा: आयओएस १६मध्ये ही सोय काढून टाकली होती आणि २०२३मध्ये आयओएस १७बरोबर ती परत आली. मधल्या वर्षात ज्यांनी फोन दुरुस्तीला नेला, त्यांचा हेलपाटा फुकट गेला, दुसरे काय!

चित्र हलण्याचा जो आणखी एक प्रकार आहे, म्हणजे फोन कलता केला की मागचे दृश्य किंचित सरकल्यासारखे वाटणे, त्याची कथा थोडी निराळी आणि माझ्या मते अधिक मनोरंजक आहे. लोणावळ्याहून आगगाडीने खाली उतरताना खिडकीजवळची झाडे झपाझप मागे पळतात आणि दूरचे डोंगर मात्र आपल्याबरोबर रेंगाळत येतात, या भासाला खगोलशास्त्रात पराशय म्हणतात आणि जवळच्या ताऱ्यांचे अंतरही त्याच तत्त्वाने मोजतात. फोनमधील त्वरणमापक आणि जायरोस्कोप हे दोन संवेदक हाताचा कल ओळखतात, आणि त्या कलाच्या उलट दिशेला मागचा थर थोडासा सरकविला की सपाट काचेखाली पोकळी असल्याचा भास निर्माण होतो. ॲपलने सप्टेंबर २०१३मध्ये आयओएस ७बरोबर हा भास सर्व लोकांच्या हाती दिला आणि थोड्याच दिवसांत भोवळ व मळमळ यांच्या तक्रारी सुरू झाल्या. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना त्याचे कारण सांगायला नको: डोळे म्हणतात आपण हलतो आहोत, अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते आपण स्थिर आहोत, आणि या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनात म्हणजे शिक्षा पोटाला होते. पुढच्याच महिन्यात आलेल्या ७.०.३ या आवृत्तीत रिड्यूस मोशन या सेटिंगचा अंमल वाढविण्यात आला. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि तिच्यात मोशन या सदराखाली हे बटण आजही आहे, आणि ते सुरू असेल तर चित्राची हालचाल मंदावते किंवा थांबते. घरातल्या कोणाला कधी काळी भोवळ आली, नातवाने ते बटण दाबून दिले, सगळे ते विसरून गेले, आणि पाच वर्षांनी घेतलेल्या नव्या फोनमध्येही जुन्या फोनच्या सेटिंग्जबरोबर ते चालत आले, असेही घडते. ज्यांना भोवळ येते त्यांनी ते खुशाल सुरू ठेवावे. चित्र हलण्यापेक्षा माणूस स्थिर राहणे बरे.

चित्र आपोआप बदलते अशी तक्रार असेल, तर एक तर फोटो शफल निवडलेला असतो, ज्यात दर तासाला, दर दिवसाला किंवा पडद्यावर नुसता स्पर्श केला तरी नवे चित्र येते. नाही तर कामाची वेळ, झोपेची वेळ अशा एखाद्या फोकसशी निराळा लॉक स्क्रीन जोडलेला असतो आणि ती वेळ झाली की फोन वेश पालटतो. झोपेचा फोकस पडदा मंदही करतो. रात्री दहाला चित्र काळवंडते म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तसेच, २०२२च्या आयफोन १४ प्रोपासून काही फोनांचा पडदा झोपेतही जागा राहतो आणि अशा वेळी वीज वाचविण्यासाठी सेकंदाला एकदाच ताजा होतो. त्या अवस्थेतले फिकट चित्र हा दोष नव्हे.

अँड्रॉइडचे राज्य निराळे, कारण तेथे एकछत्री अंमल नाही. मूळ कायदा गूगलचा, पण प्रत्येक कंपनी त्यावर आपले पोटनियम करते. हलते वॉलपेपर तेथे आयफोनच्या कितीतरी आधी, जानेवारी २०१०मध्ये अँड्रॉइड २.१ आणि नेक्सस वन या फोनबरोबर आले, आणि २०१६च्या अँड्रॉइड ७ने होम स्क्रीन व लॉक स्क्रीन यांना अलग अलग चित्रे ठेवण्याची अधिकृत सोय केली. यांतूनच एक नेहमीचा घोटाळा होतो: चित्र लावताना होम, लॉक की दोन्ही असा प्रश्न फोन विचारतो, आपण घाईत पहिल्याच पर्यायावर बोट ठेवतो, आणि मग लॉक स्क्रीनवर जुनेच चित्र पाहून हळहळतो. दुसरे असे की अँड्रॉइडवरील हलते वॉलपेपर हे पुष्कळदा एखाद्या स्वतंत्र ॲपचे काम असते. बॅटरी सेव्हर सुरू झाला, किंवा न वापरलेली ॲप निजवून टाकण्याचा त्या कंपनीचा शिरस्ता कडक असला, की ते ॲप गप्प होते आणि चित्र गोठते. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीविषयीचे निर्बंध सैल केले म्हणजे बहुधा काम भागते. फोनला एखादी थीम लावली असेल तर ती आपले चित्र पुन्हा पुन्हा वर आणते, हेही लक्षात असावे; आणि काही फोनांवर कॅरोसेल नावाची सेवा रोज अपरिचित चित्रे आणि बातम्या लॉक स्क्रीनवर आणून ठेवते, ती तर बिघाड नव्हे, दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान आहे. सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपर या सदराखाली ती बंद करता येते, आणि ती बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे लॉक स्क्रीनवर नातवंडांच्या खालोखाल मान देवादिकांचा. विठोबा, गणपती, स्वामी समर्थ यांची ही चित्रे बहुतेक व्हॉट्सॲपवरून आलेली असतात, आणि व्हॉट्सॲप साध्या प्रतीने पाठविलेले चित्र आकुंचित करून पाठविते. दहा हातांतून गेलेले असे चित्र उंच पडद्यावर ताणले की ते धूसर होते. त्यात वॉलपेपराची सजावट दोषी नाही, चित्रात मुळातच तेवढे बिंदू उरलेले नाहीत. चित्र आडवे किंवा तोकडे असेल तर नवे आयफोन वरची रिकामी जागा त्याच चित्राच्या रंगांनी धूसर करून भरून काढतात. हे वाढविलेले चित्र नको असेल तर ते बंद करता येते. पाठविणाऱ्याला एचडी प्रत पाठवायला सांगावे. ही सोय २०२३पासून आहे. रंगविलेल्या चित्रातला मुकुट घड्याळापुढे येईलच अशी हमी मात्र देता येत नाही, कारण चितारलेल्या प्रभावळीची आणि मस्तकाची सीमारेषा यंत्राला छायाचित्राइतकी सहजी सापडत नाही.

आता खराखुरा बिघाड कसा असतो, त्याचेही एक उदाहरण पाहावे, म्हणजे बाकीच्या तक्रारींचे वजन आपोआप कळेल. अमेरिकेतील माँटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्क आहे. तेथील सेंट मेरी सरोवरावरच्या एका रम्य सायंकाळचे छायाचित्र एका हौशी छायाचित्रकाराने २०१९ साली घेतले आणि सर्वांसाठी खुले ठेवले. २०२०च्या मे-जूनमध्ये असे आढळून आले की हे निरुपद्रवी चित्र अँड्रॉइड १० असलेल्या काही फोनांवर वॉलपेपर म्हणून लावताच फोन बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो, आणि हे चक्र थांबत नाही. कारण मोठे विलक्षण होते. चित्र ज्या रंगव्यवस्थेत जतन केले होते ती नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा विस्तृत होती. चित्र कितपत उजळ आहे हे ठरविण्यासाठी फोन प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या आणि निळ्या अंशांची बेरीज करून ती ० ते २५५ अशा क्रमांकांच्या घरांत टाकीत असे, आणि या चित्रातील बिंदूची बेरीज २५५च्या पलीकडे गेली. त्या क्रमांकाचे घरच नव्हते! वहीत नसलेल्या रकान्यात आकडा लिहिण्याचा हुकूम झाला आणि कारकून भोवळ येऊन पडला. आणि तो कारकून पडदा दाखविणाऱ्या मूळ व्यवस्थेचाच असल्यामुळे सारी कचेरी त्याच्याबरोबर कोसळली. काहींना फोन सेफ मोडमध्ये सुरू करून चित्र बदलता आले. काहींना सर्व माहिती पुसून फोन कोरा करावा लागला. अँड्रॉइड ११मध्ये अशी चित्रे आधी नेहमीच्या रंगव्यवस्थेत रूपांतरित करण्याची योजना झाली आणि हे प्रकरण मिटले. अंतर्यामी एका आकड्याच्या चुकीने फोन जायबंदी होतो त्याला बिघाड म्हणावे. तुरा मागे गेला याला नव्हे.

तथापि फोनच्या बाजूने एवढी वकिली केल्यानंतर त्याच्याविरुद्ध एक फिर्याद नोंदविल्यावाचून मला राहवत नाही. आमच्या दप्तरात अर्ज फेटाळायचा असला तरी शेऱ्यात कारण लिहिण्याची सक्ती असे. कारण न देता नामंजूर केलेला अर्ज वरिष्ठ परत पाठवीत. फोन मात्र हुकूम देतो आणि कारण लिहीत नाही. 'आपण खाली विजेट बसविल्यामुळे चित्र मागे घेतले आहे' एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते, तर अक्काचा दुकानापर्यंतचा फेरा वाचला असता आणि त्या तरुणालाही डिस्प्ले बदलण्याचा मोह झाला नसता. फोन बनविणाऱ्यांना मनातले ओळखणारी यंत्रे घडविता येतात. एक ओळीचे स्पष्टीकरण छापण्यात त्यांना काय जड जाते, ते तेच जाणोत.

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला, तर दुकानाची वाट धरण्यापूर्वी फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा, बॅटरीची काटकसर थांबवावी, घड्याळाखालच्या पट्ट्या काढाव्यात, मोशनचे सदर पाहावे, आणि एवढ्यानेही भागले नाही तर तेच चित्र काढून टाकून नव्याने लावावे. नव्या आवृत्तीची सूचना आलेली असेल तर तीही, आधी छायाचित्रांची दुसरी प्रत काढून ठेवून, घालून घ्यावी.

अक्काच्या फोनवर मी तापमानाची पट्टी काढली आणि चित्र बोटभर खाली ओढले. तुरा पुन्हा घड्याळापुढे आला. ती आठ दिवस खूश होती. नंतर बाहेर पडताना ऊन किती आहे ते कळेना, तेव्हा तिने सुनेकडून पट्टी परत बसवून घेतली. पुढे २०२५च्या सप्टेंबरात आयओएस २६ आली आणि तीत या पट्ट्या पडद्याच्या तळाशी नेण्याची मुभा मिळाली. आता तापमान खाली, नातू मध्ये, आणि नऊच्या आकड्याला टेकलेला केशरी तुरा वर, अशी व्यवस्था आहे. दुकानातल्या तरुणालाही ती तिने मुद्दाम नेऊन दाखविली.